‘मी तसा वाटत नाही, मग मी गे आहे का?’

तुम्ही जे विचारलंय त्याचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो लगेच तुमच्या लक्षात येईल. वय सत्तावीस. कळायला लागल्यापासून ओढ वाटते ती पुरुषांचीच, मुलीबद्दल तसं कधी वाटलं नाही. एका पुरुषाबरोबर दीड वर्ष नातं होतं आणि त्या काळात तुम्ही सुखात होतात. पण आवाज भारदस्त, फुटबॉलची आवड, कपड्यालत्त्यात रस नाही, आणि तुमच्याकडे बघून कुणाला शंकाही येत नाही. गे मंडळींच्या घोळक्यात बसलं की परकं वाटतं. एक जवळचा मित्र आहे, बोलण्याचालण्यात नाजूक. त्याच्याबरोबर रस्त्याने जाताना तुम्ही नकळत दोन पावलं मागे राहता. ‘तू गे वाटतच नाहीस’ असं कुणी म्हटलं की आधी बरं वाटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. शेवटी तुम्ही विचारलंय, मी खरंच गे आहे का? आणि असेन, तर मला ‘तसल्या’ लोकांचा राग का येतो?

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत गे पुरुष बरेच असतात आणि मी स्वतःही गे आहे. तुमचा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्या कानावर सतत येतो. बहुतेक वेळा त्यात दोन प्रश्न गुंतलेले असतात. एक, मला कोण आवडतं? दुसरा, मी कसला माणूस आहे? पहिल्याचं उत्तर तुम्हाला कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. अडलंय ते दुसऱ्यापाशी, आणि दुसऱ्याचं उत्तर सापडत नाही म्हणून तुम्ही पहिल्यावर शंका घेताय.

पहिल्याचं उत्तर लवकर देता येतं. लैंगिक कल म्हणजे तुमची ओढ कुणाकडे आहे, प्रेमात कुणाच्या पडता, कुणाच्या आठवणीने झोप उडते, कुणाच्या जवळिकीची इच्छा होते. त्यात आवाजाची पट्टी येत नाही, खेळ येत नाही, कपाट येत नाही. मऊ आवाजाचा, स्वयंपाकात रमणारा एखादा माणूस बायकोवर जीवापाड प्रेम करत असतो आणि त्याला कुणी ‘तू खरंच विषमलैंगिक आहेस ना?’ असं विचारत नाही. तोच न्याय तुम्हालाही लावा. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यात गे असायला काहीही कमी पडत नाही. त्या शब्दाने स्वतःला ओळखायचं की नाही, ते मात्र तुम्हीच ठरवायचं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या इथेच सांगतो, कारण हे वाचणारे इतरही असतील. बायकांबद्दलही ओढ वाटत असेल, अगदी कमी प्रमाणात का होईना, तर विचार वेगळ्या वाटेने करावा लागतो. अमेरिकी लैंगिकता-संशोधक अल्फ्रेड किन्सी यांनी 1948 मध्ये अशा ओढीसाठी 0 (फक्त विषमलैंगिक) ते 6 (फक्त समलैंगिक) अशी मोजपट्टी वापरली होती. तिच्यात दोष आहेत, पण माणसं दोनच कप्प्यांत बसत नाहीत हे तिने दाखवलं. स्वतःला पुरुष म्हणवून घेणंच मुळात जुळत नसेल, तर तो लिंगभावाचा प्रश्न आहे, गे असण्या-नसण्याचा नव्हे. आणखी एक प्रकार असतो, ज्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. काही जणांना पुरुषांची ओढ जाणवतच नाही, पण ‘आपण गे तर नाही ना’ हा विचार दिवसभर डोक्यात घुमत राहतो. दिसेल त्या पुरुषाकडे बघून ते स्वतःची तपासणी करतात, घटकाभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट जोराने परत येते. हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार असू शकतो. त्यावर वेगळे आणि चांगले उपचार आहेत. तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसत नाही. तुम्हाला ओढ आहे, नात्याचा अनुभव आहे, त्यातला आनंद आठवतोय. तुमची शंका येतेय ती फक्त एका चित्राशी स्वतःला ताडून बघण्यातून.

ते चित्र आलं कुठून, हे जाणून घेतलं की त्याचा धाक बराच कमी होतो, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो. जर्मनीत कार्ल हाइनरिख उलरिख्स नावाचे कायद्याचे जाणकार होते. त्यांनी 1864 पासून पुस्तिका काढून अशी मांडणी केली की पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाच्या देहात स्त्रीचा आत्मा असतो. उलरिख्स स्वतः पुरुषांवर प्रेम करणारे होते आणि ही मांडणी बचावाची होती. ओढ जन्मजात असेल तर तिच्याबद्दल शिक्षा कसली, असा त्यांचा युक्तिवाद. पण वाचकांची पत्रं येत गेली तसं त्यांना कळलं की कितीतरी जण चालण्याबोलण्यात चारचौघांसारखे, अगदी पुरुषी आहेत. मग त्यांना बायकी आणि पुरुषी असे पोटप्रकार करावे लागले. म्हणजे तुमच्यासारख्या माणसांनी ते चित्र दीडशे वर्षांपूर्वीच मोडलं होतं. तरीही ते टिकलं, कारण ते लोकांना सोयीचं होतं. पुरुषावर प्रेम करणार ती बाईच, हा जुना हिशोब त्याने बिघडत नाही. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष समोर उभा राहिला, तर त्याच्यात कुठेतरी बाई शोधायची आणि हिशोब पुरा करायचा.

माझ्या क्षेत्रानेही तेच केलं. 1943 मध्ये एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्वाची प्रसिद्ध चाचणी आली. तिच्यात पुरुषीपणा आणि स्त्रीपणा मोजणारी एक मोजपट्टी होती. ती बनवताना संदर्भासाठी घेतलेला गट होता 13 समलैंगिक पुरुषांचा. पुढे दिसलं असं की जास्त शिकलेले किंवा कलेची आवड असलेले पुरुष, त्यांना कुणीही आवडत असो, तिच्यावर ‘स्त्रीपणा’च्या बाजूला झुकतात. मोजले जात होते छंद आणि आवडीनिवडी. नाव दिलं होतं पुरुषीपणाचं. तुम्ही फुटबॉल आणि कपाट यांवरून स्वतःची परीक्षा घेताय ती याच जातीची आहे, म्हणून तिच्या निकालावर विसंबू नका.

याच्या उलट काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ईव्हलिन हूकर यांनी केलं. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी 30 समलैंगिक आणि 30 विषमलैंगिक पुरुष घेतले. वय, शिक्षण, बुद्ध्यांक यांच्या जोड्या जुळवल्या. शाईच्या डागांची आणि तशाच इतर चाचण्या घेतल्या आणि उत्तरं, कुणाची ते न सांगता, त्या काळच्या नावाजलेल्या तज्ज्ञांपुढे ठेवली. कुठली उत्तरं समलैंगिक माणसाची, हे त्यांना अंदाजापलीकडे ओळखता आलं नाही आणि दोन्ही गटांच्या मानसिक स्वास्थ्यातही फरक दिसला नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. हूकर यांच्या कामाचा त्यात मोठा वाटा होता. तुमच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर, ‘गे मन’ असा एकच साचा तज्ज्ञांना शोधूनही सापडला नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ‘ते चित्र म्हणजे निव्वळ खोटा प्रचार’ असं म्हणणंही खरं नाही. मायकेल बेली आणि केनेथ झकर या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. गे पुरुषांना आपल्या लहानपणाबद्दल सरासरीने असं जास्त आठवतं की मुलांच्या म्हणून ठरलेल्या खेळांपेक्षा आपल्याला दुसरंच काही आवडायचं. आठवणींवर भरवसा किती ठेवायचा, ही शंका रास्त आहे. म्हणून 2008 मध्ये गेरुल्फ रीगर, बेली आणि सहकाऱ्यांनी लोकांचे लहानपणीचे घरगुती व्हिडिओ अनोळखी माणसांना दाखवले. फरक तिथेही सरासरीने दिसला. पण सरासरी म्हणजे प्रत्येक जण नव्हे. कितीतरी गे मुलगे इतर मुलांसारखेच दिसले. तुमचा मित्र लहानपणापासून नाजूक असेल तर तो काही सोंग घेत नाहीये, आणि तुम्ही तसे नव्हतात म्हणून तुमच्यात काही उणं नाही. दोघेही त्याच घोळक्यातले. एक सरासरीच्या जवळ, दुसरा लांब.

म्हणून ‘आम्ही सगळे अगदी सामान्य पुरुषच असतो, ते बायकी लोक उगाच बदनाम करतात’ हा बचाव मला मान्य नाही. तो खोटा आहे आणि आपल्यातल्याच काही जणांना दाराबाहेर उभं करून केलेला आहे.

इथून तुमच्या रागाकडे येतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

माझ्याकडे येणारा एक जण, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, माझ्यासमोर बसून बहिणीला व्हॉइस मेसेज पाठवत होता. निरोप साधाच, ‘मला पोचायला जरा उशीर होईल.’ त्याने रेकॉर्ड केला, फोन कानाशी धरून ऐकला आणि पुसून टाकला. पुन्हा बोलला. या वेळी आवाज खाली ओढलेला, ‘होईल’वरचा हेल छाटलेला. तोही ऐकला आणि पुसला. शेवटी त्याने तेवढंच वाक्य टाइप करून पाठवलं. काय खटकलं म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही हो, सवय आहे.’ तो गे आहे हे त्या बहिणीला केव्हापासून माहीत होतं. तिच्यापासून लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी पहारा चालूच होता.

हा पहारा बसतो शाळेच्या वयात. नीट आठवून बघा, शाळेत ज्याला ‘बायल्या’ म्हणून छळलं जायचं, तो मुलग्यांवर प्रेम करतो म्हणून छळला जात नव्हता. त्या वयात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. तो छळला जायचा चालीवरून, हातवाऱ्यांवरून, तोंडून ‘अय्या’ निघालं म्हणून. तुम्ही बाजूला उभे राहून ते बघत होतात, आणि तुमच्या मनात जे होतं ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं. तेव्हाच तुम्ही एक गोष्ट शिकलात. आतलं कुणाला दिसत नाही, पण त्या खुणा दिसल्या तर माझीही तीच गत होईल. आवाज, चाल, हसणं, बसण्याची ढब, सगळ्यावर नजर ठेवायची. तुमच्यासारखा माणूस, ज्याच्याकडे त्या खुणा मुळातच कमी होत्या, या नजरेच्या जोरावर सुखरूप बाहेर पडतो. तुमच्या मित्राला ते जमलं नसावं. त्याने वर्षानुवर्षं मार खाल्ला असेल, आणि एके दिवशी ‘आता जे आहे ते आहे’ असं ठरवलं असेल.

आता तो तुमच्या शेजारून चालतोय. त्याच्याकडे लोक बघतात, मग नजर तुमच्याकडे वळते. तुम्ही इतकी वर्षं सांभाळलेलं कवच त्याच्या नुसत्या सोबतीने गळून पडतं. जे वाटतं ते आधी भीतीच असतं. पण भीती कबूल करणं पुरुषाला शिकवलेलं नसतं, राग शिकवलेला असतो. म्हणून ती राग होऊन बाहेर येते, ‘याला जरा नीट वागता येत नाही का?’ त्या रागाला आणखी एक बाजू असते, आणि ती बोलायला लोकांना जास्त जड जाते. तो जे उघडपणे करतो ते करायची मुभा तुम्ही स्वतःला कधी दिली नाहीत. तुम्हाला त्याच्यासारखं वागायचं नसेलही, पण पहाऱ्याशिवाय चालणं कसं असतं ते त्याला माहीत आहे. ही बाजू तुम्हाला लागू आहे की नाही ते तुम्ही ठरवा. प्रत्येकात ती असतेच असं नाही.

हे केवळ माझं निरीक्षण नाही. इलान मायर या संशोधकांनी 2003 मध्ये अल्पसंख्यांना सोसाव्या लागणाऱ्या ताणाची जी मांडणी केली, तिच्यात बाहेरून होणारा भेदभाव हा एक भाग आहे. उरलेला भाग माणसाच्या आत चालतो. आता कुणीतरी बोलेल ही सततची अपेक्षा, लपवण्याची मेहनत, आणि जगाचा तिरस्कार हळूहळू स्वतःचाच होऊन बसणं. दोन पावलं मागे राहणं हे त्या तिन्हींचं एकत्र रूप आहे. मागून कुणी काही बोललेलंही नसतं.

साच्याची भीती माणसाचं काय करते याचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. जेनिफर बॉसन आणि सहकाऱ्यांनी तो 2004 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पुरुषांना लहान मुलांबरोबर खेळायला पाठवलं होतं. काहींना आधी एका अर्जावर आपला लैंगिक कल लिहायला सांगितला. गे पुरुष मुलांसाठी धोक्याचे, हा विषारी साचा नुसता असा जागा झाला, तर कल लिहिलेले गे पुरुष मुलांशी वागताना जास्त अवघडलेले दिसले. विचारल्यावर मात्र ते तसं सांगत नव्हते. अवघडलेपण त्यांच्या देहबोलीत होतं. तुम्हीही ‘मला लोकांच्या बोलण्याचं काही वाटत नाही’ असं लिहिलंय. तुमचं मन तसं म्हणत असेलही. तुमची पावलं वेगळं सांगताहेत.

‘तू गे वाटतच नाहीस’ यावर आधी बरं आणि मग लाज, हेही आता उलगडेल. त्या वाक्यात कौतुक असतं आणि त्या कौतुकाची अटही असते. तू चांगला, कारण तू त्यांच्यासारखा नाहीस. बरं वाटतं कारण पहारा यशस्वी झाला. लाज वाटते कारण ‘त्यांच्यात’ तुमचा मित्र आहे, तुम्ही स्वतः आहात, आणि ते ऐकून तुम्ही मान डोलावलीत. तुम्हाला लाज वाटली हे मला चांगलं लक्षण वाटतं. तुमची निष्ठा कुठे आहे ते त्या लाजेने दाखवलं.

आतापर्यंतचं थोडक्यात असं. कल कुठे आहे याबद्दल तुमच्या लिहिण्यात संदिग्धता नाही. ज्या चित्राशी स्वतःला ताडताय ते काही जणांबाबत खरं आहे, सगळ्यांबाबत नाही. आणि राग मित्राचा नाही, तुम्ही उघडे पडाल या भीतीचा आहे.

यावर एक उपाय पुष्कळ जण करून बघतात, तो टाळा असं मी आग्रहाने सांगेन. साच्यात बसत नाही म्हणून अभिमानाने उलटा साचा अंगावर चढवायचा. ‘मी गे आहे, पण मर्द आहे.’ हेही जुनंच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांची समलैंगिकांच्या हक्कांची चळवळ समलैंगिकांकडे स्त्री आणि पुरुष यांच्यामधला प्रकार म्हणून बघत होती. तेव्हा आडोल्फ ब्रांड आणि त्यांचे साथीदार चिडून म्हणत की आमचं प्रेम अस्सल पुरुषी आहे, आम्हाला त्या मधल्या कप्प्यात घालू नका. पुढे 1970 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कमध्ये गे पुरुषांनी मिशा, घट्ट जीन्स, चौकड्यांचे शर्ट, कामगारी बूट असा वेष उचलला. बायकीपणाच्या शिक्क्याला ते उत्तर होतं, आणि अनेकांना त्यातून पहिल्यांदा ताठ मानेने चालता आलं, हे खरं. पण बघता बघता सगळे इतके एकसारखे दिसू लागले की त्यांना ‘क्लोन’ हेच नाव पडलं. ज्यांना ते शरीर आणि ती मिशी जमली नाही ते पुन्हा बाहेर.

आज हेच डेटिंग अॅपवरच्या प्रोफाइलमध्ये दिसतं. ‘स्ट्रेट अॅक्टिंग’ (म्हणजे विषमलैंगिकासारखा वागणारा), ‘नो फेम’ (बायकी नको), ‘फक्त पुरुषी पुरुषांनीच मेसेज करावा.’ इथे आवड आणि तुच्छता यांत फरक करायला हवा. पुरुषी जोडीदार आवडणं हा गुन्हा नाही. बेली आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्येच दाखवलं होतं की बऱ्याच गे पुरुषांची पसंती तिकडे झुकते. कोण आवडावं हे कुणी हुकमाने बदलू शकत नाही. पण आवड सांगताना दुसऱ्याला घाण ठरवायची गरज पडत असेल, तर तिथे भीती बोलतेय असं समजावं. माझ्याकडे येणाऱ्यांत असे आहेत की जोडीदार घरात मोकळा होऊन हसला, गाणं गुणगुणत नाचला, तरी त्यांच्या पोटात गोळा येतो. मग त्यांचा पहारा जोडीदारावरही बसतो, आणि नातं त्या नजरेखाली आक्रसत जातं. तुमचं दीड वर्षाचं नातं का संपलं हे तुम्ही लिहिलं नाहीत. त्यात असं काही होतं का, एवढं स्वतःशी तपासून बघा.

याच साच्याला जोडून पलंगावरची गणितंही येतात. पुरुषी दिसणारा तो टॉप, म्हणजे संभोगात प्रवेश करणारा, नाजूक तो बॉटम, म्हणजे घेणारा. तसं काही नसतं. अनेकांना दोन्ही आवडतं, काहींना दोन्ही नको असतं, आणि आवाजाच्या पट्टीवरून यातलं काहीच कळत नाही.

मग करायचं काय? मी साधारण कसं पुढे जातो ते सांगतो. आधी वागण्यात काहीही बदलायचं नाही. नुसतं टिपायचं. पंधरा दिवस रोज रात्री दोन ओळी लिहा. आज मी स्वतःला कुठे सावरलं? हसू दाबलं, हात खिशात घातला, ‘आम्ही मित्र मिळून गेलो होतो’ असं म्हणून एखादं नाव गाळलं. त्यापुढे लिहा की त्या जागी खरोखर धोका होता का. इथे परिस्थितीचा प्रश्न येतो. घर दुसऱ्याचं असेल, पैसा दुसऱ्याच्या हातात असेल, मारहाणीची किंवा जबरदस्तीच्या लग्नाची शक्यता असेल, तर लपवणं शहाणपणाचं असतं आणि त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. तुम्ही लिहिलंय की स्वतंत्र राहता, कमावता, आणि दोघा मित्रांना माहीत आहे. तुमच्या नोंदींत बहुधा दिसेल की बऱ्याच जागी धोका नव्हता, सवय होती. त्यांतली सर्वांत सोपी जागा निवडा आणि तिथेच पहारा सैल करून बघा. अवघड जागा आधी घेऊ नका. सुरुवातीला अस्वस्थ वाटेल. धीर सोडला नाहीत तर पुढच्या खेपांना ते कमी होत जातं. भीती ओसरते ती अनुभवाने, स्वतःला समजावून नव्हे.

पहारा उतरल्यावर खाली कोण सापडेल, ही धास्ती अनेकांना असते. ‘मी पण तसाच निघालो तर?’ काहींचा हात खरोखर मोकळा होतो, आवाजात चढउतार येतात. काही जण आधी होते तसेच राहतात, शांत, जाडजूड आवाजाचे, फुटबॉलवाले. तुम्ही दुसऱ्या प्रकारातले असाल असा माझा अंदाज आहे, पण अंदाजच. दोन्हींत कमीजास्त काही नाही. आणखी गे दिसण्यासाठी काही शिकायची, कुठली गाणी पाठ करायची, कुठल्या मिरवणुकीत जायची सक्ती तुमच्यावर नाही. मिरवणुकीत जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर घरी बसा. गे असण्याच्या कुठल्याही परीक्षेत तेवढ्याने तुम्ही नापास होत नाही.

घोळक्यात परकं वाटतं, यावर एक व्यवहारातलं निरीक्षण. नुसतं ‘गे लोकांना भेटायचं’ म्हणून भेटलं की गप्पा आपोआप गे असण्याच्या खुणांवर जातात, कारण तेवढंच समान असतं. त्याऐवजी काहीतरी करायला जमणाऱ्या गटात जा. धावणं, गिर्यारोहण, वाचन, स्वयंसेवेचं काम, फुटबॉलही. अनेक शहरांत गे पुरुषांचे असे गट असतात. हाताला काम असलं की माणूस माणूस म्हणून दिसायला लागतो, आणि तुमच्यासारखे कितीतरी आहेत हेही कळतं. ते आजवर दिसले नाहीत कारण तेही तुमच्यासारखेच न दिसण्यात पटाईत आहेत.

मित्राशी बोला, पण मोठी कबुली करत बसू नका. ‘तुझ्याबरोबर बाहेर असताना मी कधीकधी अंतर ठेवतो. मला लोकांच्या नजरेची भीती वाटते. ती माझी अडचण आहे, तुझी नाही, आणि मी त्यावर काम करतोय.’ एवढं पुरे. ‘तू जरा कमी केलंस तर’ असं पुढे जोडू नका. तो दुखावेल, कदाचित म्हणेल की मला केव्हाच कळलं होतं. ज्याच्यापासून लोक मागे राहतात त्याला ते कळतंच. तेव्हा स्वतःची बाजू मांडत बसू नका, ऐकून घ्या. आणि पुढच्या वेळी बरोबरीने चाला. त्याला तुमच्या शब्दांपेक्षा त्याची किंमत जास्त वाटेल.

हे एकट्याने जमेल का? पुष्कळांना जमतं. पण झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, दारू वाढली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर एकट्याने झुंजू नका, लगेच मदत घ्या. जीव द्यावासा वाटण्याइतकं असेल तर समुपदेशकाची वेळ मिळेपर्यंत थांबू नका, जवळच्या रुग्णालयात जा किंवा एखाद्या विश्वासाच्या माणसाला सोबत बोलावून घ्या.

समुपदेशक निवडताना एक गोष्ट सांभाळा. कल बदलून देतो म्हणणारे अजूनही आहेत, डॉक्टरची पदवी असलेलेही. अमेरिकी मानसशास्त्रीय संघटनेने नेमलेल्या अभ्यासगटाने 2009 मध्ये त्या विषयावरचं संशोधन तपासून सांगितलं की असे प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता नाही आणि त्यांत इजा होण्याचा धोका आहे. अशा ‘उपचारां’तून बाहेर पडलेली माणसं मी पाहतो. कल जिथे होता तिथेच असतो, वर स्वतःबद्दलची घृणा साठलेली असते. म्हणून पहिल्याच भेटीत, फी भरण्याआधी, सरळ विचारा, ‘मी गे आहे, ते बदलायचं नाहीये. स्वतःबद्दलची भीती कमी करायची आहे. यात तुम्ही काम करता का?’ चांगला समुपदेशक हो म्हणेल, किंवा आपला अनुभव नाही असं सांगून दुसरं नाव देईल. ‘आधी बघू, काय करता येतंय’ असं उत्तर आलं तर पुढची वेळ घेऊ नका.